योरुबांचा ढोल बोलतो (आणि ही उपमा नाही)

माळावरचा_निवांत

परवा ढोलपथकांवरच्या धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहिलं, "आफ्रिकेत तर म्हणे ढोल बोलतात." त्यावर तिघांनी हसून घेतलं आणि विषय पुन्हा डेसिबलवर गेला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

नोकरीनिमित्त मी पाच वर्षं इबादानला होतो. नायजेरियाच्या नैर्ऋत्येचं मोठं शहर. लागोसहून गाडीने दोन तास, रस्ता मोकळा असेल तर, म्हणजे कधीच नाही. हा सगळा योरुबा मुलूख, आणि तो पुढे सरहद्द ओलांडून बेनिन, टोगोतही जातो.

तिथे गेल्यावर तीनेक महिन्यांत ऑफिसातल्या हिशेब बघणाऱ्या बाईंच्या आई वारल्या. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांच्यात एवढं पिकलं पान गळालं की रडारड नसते, जेवणावळ असते. सगळ्या नात्यागोत्याने एकाच कापडाचे कपडे शिवलेले, मांडव घातलेला, जोलोफ भाताचे ढीग. ढोलवाले आले. पाचसहा जण, पुढच्याच्या डाव्या खांद्याला मोठा ढोल लटकलेला, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूचा थोरला भाऊच. तोंडाच्या कडेला पितळी घुंगरं. हातात बाकदार काठी, चोचीसारखी.

बाई नाचत होत्या. तो मनुष्य त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, बाकीच्यांचा ठेका चालूच होता आणि ह्याने त्यावर काहीतरी वेगळंच, तुटक तुटक वाजवायला सुरुवात केली. बाई थांबल्या. डोळे मिटले. मान हळूहळू खाली गेली आणि गालावरून पाणी. मग पर्स उघडून त्यांनी नोटा काढल्या आणि एकेक करून त्याच्या घामेजलेल्या कपाळावर चिकटवल्या.

सोमवारी मी विचारलं, काय झालं होतं हो?
"त्याने माझ्या आजोबांना हाक मारली."
"पण कुणी गातच नव्हतं!"
"ढोल म्हणाला ना." आणि माझ्याकडे अशा बघितल्या की जणू मी ठार बहिरा आहे.

त्या अर्थाने मी होतोच. योरुबा भाषेत सुरांच्या तीन पायऱ्या आहेत, खालची, मधली, वरची. शाळेत मुलांना 'डो-रे-मी' म्हणूनच शिकवतात. अक्षरं तीच ठेवून सूर बदलला की शब्द बदलतो. 'इग्बा' दोन्ही मधल्या सुरात म्हटलं तर दोनशे. दुसरं अक्षर वर नेलं तर भोपळ्याचं भांडं. दुसरं खाली आणलं तर ताडावर चढायचा दोर. दोन्ही खाली, तर काळ, वेळ. आणि माझं आवडतं: 'इलू' दोन्ही खाली म्हणजे ढोल, दुसरं वर नेलं की गाव. भाजीवालीपाशी मी पहिलं वर्षभर काय काय बोललो असेन देव जाणे.

तर भाषेतलं व्यंजन-स्वर काढून टाकले तरी सूर आणि लय उरते, आणि ढोल नेमकं तेवढंच वाजवतो. ह्या ढोलाचं नाव दुंदुन. दोन्ही बाजूंना बकरीचं कातडं आणि मध्ये खोडाच्या अंगभर उभ्या वाद्या. वादकाने डाव्या हाताने त्या आवळल्या की कातडं ताणतं, सूर चढतो. सोडल्या की उतरतो. आणि वाजता वाजता आवळल्या तर सूर घसरत वर जातो, अगदी माणूस बोलताना जातो तसा. मीड म्हणा.

पथकातल्या सगळ्यात मोठ्या ढोलाला म्हणतात 'इया इलू', म्हणजे ढोलांची आई. बोलते ती आई. बाकीची पोरं आपापला ठेका धरून बसतात, तिच्या बोलण्याला जमीन देतात. त्यातच गळ्यात अडकवलेला छोटा वाटीसारखा गुडुगुडु असतो, तो दोन चामडी पट्ट्यांनी वाजवतात.

सध्या इतकंच. जेवायला हाका येताहेत.

चकली_भाजणी

वा! तो कपाळावरच्या नोटांचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. पण एक शंका. खाली-वर-मधला असे सूर असणारे शब्द भाषेत शेकड्याने असतील. ढोलाने "मधला-वरचा" वाजवलं तर ऐकणाऱ्याने भोपळा समजायचा की आणखी काही?

माळावरचा_निवांत

चकलीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. एकटा शब्द कुणीच ओळखू शकत नाही, योरुबा माणूससुद्धा. म्हणून ढोल सुटे शब्द बोलतच नाही. तो बोलतो म्हणी, आशीर्वाद, आणि मुख्य म्हणजे 'ओरिकी'. ओरिकी म्हणजे माणसाची, घराण्याची, गावाची, देवाची बिरुदावली. आपल्याकडे भाट-चारण म्हणायचे ना, त्या जातीची. प्रत्येक घराण्याची ठरलेली, लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकलेली. तुमच्या आजीने रोज सकाळी तुम्हाला उठवताना म्हटलेली ओळ कुणी नुसती गुणगुणली तरी तुम्हाला शब्द आठवतात की नाही? तसं. बाईंच्या कानाला पहिल्या चार-पाच ठोक्यांतच कळलं असणार की हे आपल्याच घरचं आहे.

आणि कधी मुद्दामच सगळ्यांना कळू द्यायचं नसतं. त्यांच्यात म्हण आहे, ओगिदिग्बो नावाचा ढोल म्हणींसारखा वाजवतात: शहाणा असेल तोच त्यावर नाचेल, जाणता असेल त्यालाच तो समजेल. आता हेच वाक्य ढोलावर वाजवून कुणाला टोमणा मारता येतो! पाहुणा कंजूष आहे, यजमानाने जेवण कमी केलंय, असल्या गोष्टी ढोलवाले सर्रास बोलतात म्हणे. यजमान हसत असतो कारण कळलेलं असतं, आणि तक्रार करू शकत नाही कारण कुणी काही 'बोललेलं' नसतं.

अर्ध्या_पगारी

लेख छान. पण आम्ही तर वाचलं होतं की जंगलात एका गावाहून दुसऱ्या गावाला ढोलावरून निरोप जायचे, तारेसारखे. शत्रू येतोय वगैरे. ते राहिलं का लिहायचं?

माळावरचा_निवांत

राहिलं नाही, टाळलं. ती प्रसिद्ध निरोपाची गोष्ट प्रामुख्याने काँगो नदीकाठच्या लोकेले लोकांची. तिथला ढोल म्हणजे पोखरलेला लाकडी ओंडका, कातडंच नाही. जॉन कॅरिंग्टन नावाचा इंग्रज मिशनरी तिथे राहून ते शिकला आणि १९४९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून अख्ख्या आफ्रिकेला ती गोष्ट चिकटली. योरुबांचा दुंदुन समोरासमोर बोलणारा आहे. राजवाड्याच्या दारात ढोलवाले बसतात, आत येणाऱ्या पाहुण्याची ओरिकी वाजवतात, म्हणजे राजाला आतल्या आत कळतं कोण आलंय. निरोप म्हणाल तर हा. मैलांचा नाही, अंगणाचा.

शाई_आणि_लव

तबल्याच्या बाजूने दोन पैसे.

आपणही म्हणतो तबल्याचे 'बोल', "काय बोलतो हो हात त्यांचा". पण गंमत बघा, आपल्याकडे तोंड तबल्याची नक्कल करतं. धा, तिरकिट, धिन हे आवाज आधी चामड्यावर, मग जिभेवर. योरुबांकडे उलटं, ढोल तोंडाची नक्कल करतोय. म्हणजे आपला तबला कितीही बोलका असला तरी त्याला तुमच्या आजोबांचं नाव घेता येणार नाही.

दुसरं, तो गुडुगुडु. मी फोटो शोधून पाहिले. कातड्याच्या मधोमध काळसर लेप आहे! आपल्या शाईसारखाच. लगेच "आपल्याकडूनच गेलं" म्हणणारे येतील, त्यांना आधीच नमस्कार. कातड्यावर वजन ठेवलं की आवाज बदलतो, हे कुठल्याही शहाण्या कारागिराला सुचू शकतं. तसंच मध्ये बारीक खोड आणि दाबून सूर बदलणं हे केरळच्या इडक्क्यातही आहे. ऐका कधी, चक्क चाल वाजवतात त्यावर.

बाभूळगाव_एक्स्प्रेस

@शाई_आणि_लव, तुमचं पहिलं वाक्य मस्त आहे पण पूर्ण खरं नाही. योरुबांचा दुसरा मोठा ढोल म्हणजे बाता. एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला लहान, गळ्यात आडवा. हा शांगोचा ढोल. शांगो म्हणजे विजेचा, गडगडाटाचा देव, ओयो ह्या योरुबा राज्याचा पूर्वीचा राजा मानतात त्याला. बात्याला वाद्या आवळून सूर बदलण्याची सोय नाही. मोठ्या तोंडावर हात उघडा की दाबून, लहान तोंडावर चामडी पट्टीची चापट पडली की नाही, ह्यातून तीन सूर उभे करायचे. दुंदुनइतकं स्वच्छ येत नाही, म्हणून लोक म्हणतात बाता तोतरा आहे. तर ह्या बातावाल्यांची आपसातली एक तोंडी भाषा आहे, 'एना'. ढोलाच्या आवाजांची अक्षरं. म्हणजे बोलणं ढोलावर गेलं आणि ढोलावरून पुन्हा जिभेवर आलं. तुमचे बोलच की.

शाई_आणि_लव

मान्य! दंडवत. वाक्य मागे घेत नाही पण अर्धं करतो.

कोकणकडा_मायामी

उशिरा आले, पण बात्याचा विषय निघालाय तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मायामीत क्युबन लोक भरपूर. माझ्या शेजारच्या घरी वर्षातून दोनदा बाता वाजतो. इथे तीन ढोलांचा संच असतो: इया, इतोतेले, ओकोंकोलो. मांडीवर आडवे घेऊन बसून वाजवतात, दोन्ही हातांनी, पट्टी नाही.

१८३० च्या दशकात जुनं ओयो साम्राज्य कोसळलं. लढाया, पळापळ, आणि पकडलेल्या योरुबांची गुलाम म्हणून भराभर विक्री. त्यातले कितीतरी क्युबाच्या उसाच्या मळ्यांवर गेले. तिथे त्यांना 'लुकुमी' म्हणायचे. परंपरेत असं सांगतात की अन्याबी आणि अतान्दा नावाच्या दोन आफ्रिकनांनी हवानाजवळ पहिला विधिवत बाता घडवला. फेर्नांदो ऑर्तिस ह्या क्युबन अभ्यासकाने ते लिहून ठेवलंय, म्हणून आज नावं तरी कळतात.

योरुबांचा ढोलाचा देव आयान. क्युबात तो झाला 'अन्या', आणि तो ढोलाच्या पोटात राहतो. संस्कार केलेला ढोल वेगळा, नुसता वाजवायचा वेगळा. शेजारच्या काकांचा ढोल जमिनीला टेकवत नाहीत. मी एकदा सहज हात लावायला गेले तर काकूंनी माझा हात मध्येच पकडला, अगदी सोवळ्यातल्या आजीसारखा.

पण धागाकर्त्यांचा मुद्दा इथेच खुपतो. क्युबात योरुबा ही रोजची भाषा राहिली नाही. प्रार्थनेपुरती उरली, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या तोंडांतून तिचे सूर झिजले. ढोलाने मात्र वाक्यं धरून ठेवली. ओशून देवीसाठी हे, ओगुन देवासाठी ते, ठराविक क्रमाने, चूक होता कामा नये. काका सत्तरीचे आहेत, सगळं बिनचूक वाजवतात. मी विचारलं, ह्यात शब्द काय आहेत? म्हणाले, "थोडे कळतात. बाकीचे त्याला कळतात." आणि ढोलाकडे बोट.

चकली_भाजणी

काटा आला अंगावर.

अर्ध्या_पगारी

हे ढोलवाले कोण असतात? म्हणजे आपल्याकडे हलगी कुणाची, सनई कुणाची, संबळ कुणाचं हे ठरलेलं. तिथेही तसंच का? आणि मान मिळतो की नुसतंच "वाजव रे"?

माळावरचा_निवांत

घराणी ठरलेली, हो. आणि नावातच कळतं. आयानवाले, आयानदेले, आयानतुंदे. 'तुंदे' म्हणजे परत आला. आयान पुन्हा घरी आला, असं पोराचं नाव. लहानपणी ठेका धरणाऱ्या छोट्या ढोलांवर बसवतात, आईढोल हातात यायला वर्षं जातात, कारण नुसता हात तयार असून चालत नाही, गावातल्या दोनशे घरांच्या बिरुदावल्या पाठ पाहिजेत. आज ह्यातली पुष्कळ घरं मुसलमान आहेत, नाव आयानवरून आणि नमाज पाच वेळा. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

मानाचं म्हणाल तर दुहेरी. तुमच्या कुळाचा इतिहास ज्याच्या डोक्यात, त्याला घाबरूनच असतात लोक. पण नोटांसाठी समारंभांतून फिरतो म्हणून 'मागता' असंही पाठीमागे म्हणतात. मात्र आपली जात इथे चिकटवू नका. कातड्याला हात लावला म्हणून विटाळ, वेगळी वस्ती, वेगळं पाणी, हे तिथे नाही. हलगी वाजवणाऱ्याला आपण जे भोगायला लावलं त्याची तुलना मी तरी करणार नाही.

नोटा चिकटवण्याचं म्हणाल तर २००७ च्या त्यांच्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्याने तो गुन्हा आहे, चलनाचा अपमान म्हणून. अलीकडे शिक्षाही झाल्यात. लग्नात मात्र... असो.

सुगरण_पण_आळशी

बायका वाजवतात का? का तिथेही "बाईने हात लावू नये"?

बाभूळगाव_एक्स्प्रेस

परंपरेने पुरुषांचंच काम. बायकांकडे जास्त करून शेकेरे, म्हणजे भोपळ्यावर मण्यांची किंवा कवड्यांची जाळी. पण आरा नावाची नायजेरियन कलाकार दुंदुन खांद्याला लावून गेली वीसेक वर्षं रंगमंच गाजवतेय. शोधून बघा. तिला सुरुवातीला नाकं मुरडणारे आता तिच्याबरोबर फोटो काढतात, जगरहाटी.

देवागणिक ढोल वेगळा, हेही लिहून ठेवतो. ओबातालाला इग्बिन, इफाला इपेसे, शिकाऱ्यांना आणि लोखंडाच्या ओगुनला आगेरे. एकाचा दुसऱ्यासाठी सहसा वाजत नाही.

वसईची_वाट

आमच्या चर्चमध्ये मराठी गीतं पाश्चात्त्य चालींवर म्हणतो, त्यामुळे एक प्रश्न डोक्यात आला. योरुबा ख्रिस्ती लोकांचं कसं? सूर बदलला की अर्थ बदलतो, तर इंग्रजी चालीवर योरुबा शब्द बसवले की?

माळावरचा_निवांत

बोंबाबोंब! नेमकी हीच झाली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ढोल बाहेर ठेवले, मूर्तिपूजेचे म्हणून, आणि इंग्रजी चालींवर भाषांतरित भजनं बसवली. चाल वर गेली की शब्द वर, अर्थ गेला उडत. लोक भक्तिभावाने भलतंच काहीतरी गात होते. पुढे योरुबा संगीतकारांनीच हे हातात घेतलं. लागोसच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एकुंदायो फिलिप्स ह्यांनी शब्दांच्या सुराला धरून चाल बांधायचा आग्रह धरला. फेला सोवांदे त्यांचेच शिष्य. आणि ढोल? आता चर्चमध्ये दुंदुन सर्रास असतो. ज्याला दाराबाहेर उभं केलं होतं तोच आता स्तोत्र 'म्हणतो', आणि ऑर्गनपेक्षा शुद्ध उच्चारात.

शाई_आणि_लव

अवांतर तक्रार: मध्यंतरी आमच्या भागातल्या एका कार्यशाळेत 'योरुबा ढोल शिका' म्हणून अडीच हजार घेतले आणि हातात दिला जेंबे. जेंबे माली-गिनीकडच्या मांदे लोकांचा! पेल्यासारखा, हाताने वाजवायचा. म्हणजे पंजाबी ढोल शिकवतो म्हणून मृदंग द्यावा तसं. शिकवणाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "सर, आफ्रिकन आहे ना?"

माळावरचे, तुम्ही तिथून ढोल आणला असेलच. काय स्थिती आहे?

माळावरचा_निवांत

आणला. एक छोटा गांगान, काखेत दाबून वाजवायचा. पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात वाद्या सैल पडल्या आणि कातडं पापडासारखं फुगलं. आमच्या पेठेतल्या तबला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी आधी काही न बोलता पाच मिनिटं नुसता फिरवून बघितला. गठ्ठे शोधत होते. "गठ्ठे नाहीत? मग सूर कशाने लावतात?" मी काखेत धरून दाबून दाखवलं. काका म्हणाले, "म्हणजे हा सुरात लावतच नाहीत. वाजवताना लावतात." एवढ्या कमी शब्दांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

मग खोडावर नख मारून विचारलं, लाकूड कुठलं. योरुबात त्याला 'ओमो' म्हणतात, आपल्या भोकराच्या भावकीतलं झाड. वाटेकडेचं, माणसांच्या बोलण्याजवळचं झाड निवडतात, त्याने ऐकलेलं असतं म्हणून ढोल नीट बोलतो, अशी समजूत आहे. काकांनी ती मान हलवून ऐकून घेतली, हसले नाहीत. वाद्या भिजवून पुन्हा ओढून दिल्या. पैसे शंभर कमी घेतले, "नवीन बघायला मिळालं" म्हणून.

आयानच्या बिरुदावलीत त्याला 'लाकडाकडून बोलवून घेणारा' म्हणतात. आणि ढोलाला त्यांचा शब्दप्रयोग आहे: माणसासारखी बोलणारी मेलेली बकरी. काकांना हा दुसरा जास्त आवडला.

सुगरण_पण_आळशी

ऐकायला काय सुचवाल? रविवार मोकळा आहे.

बाभूळगाव_एक्स्प्रेस

किंग सनी आदेपासून सुरू करा. इलेक्ट्रिक गिटारींच्या मध्येच दुंदुन बोलायला लागतो, तो जुजू प्रकार. मग मागे जाऊन हरुना इशोला, तो आपाला. तिथे ढोल पुढे, बाकी सगळं मागे. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा सूर मरतो.

चकली_भाजणी

माळावरचे, एक राहिलंच. पाच वर्षांत ढोल कधी तुमच्याशी बोलला की नाही?

माळावरचा_निवांत

बोलला ना. पहिल्याच भेटीत, त्याच मांडवात. बाईंचं झाल्यावर तो ढोलवाला माझ्यासमोर येऊन सहा ठोके वाजवायचा, थांबायचा, पुन्हा तेच सहा. आजूबाजूचे खो-खो हसायला लागले. मला वाटलं स्वागत चाललंय. मी दोन्ही हात जोडून, मान झुकवून नमस्कार केला. हशा दुप्पट. तो बिचारा आणखी तीनदा तेच वाजवून निघून गेला.

चाल डोक्यात बसली होती. वर्षभराने थोडी भाषा आल्यावर उलगडली. सा सा ग: 'ओयिंबो', म्हणजे गोरा परदेशी, त्यात आपणही येतो. पुढे रे ग सा: 'ओवो दा?'

पैसे कुठायत?

हे घरी सांगून चूक केली. कन्या पेटी शिकते. आता पॉकेटमनीची तारीख आली की आतल्या खोलीतून सा सा ग, रे ग सा.

शाई_आणि_लव

कुठल्या पट्टीत?

माळावरचा_निवांत

काळी चार. उशीर झाला तर काळी पाच.